फेरे लांबून घ्या

आमच्या गल्लीत शिरताना आधी खाली बघायचं आणि मग समोर, ही सवय मला चालायला शिकले तेव्हाच लागली असणार. पुण्यात वीस वर्षं काढली, गुळगुळीत फरशांवरून चालले, तरी नजर अजून पायांपुढच्या चार हातांवरच असते. नवरा विचारतो, तुझं काही पडलंय का. त्याला काय सांगणार? गारखेड्यातल्या आमच्या कॉलनीत वाढलेली माणसं अशीच चालतात. ओळखीचं कुणी समोरून आलं तर आधी त्याच्या चपला ओळखतात आणि मग चेहरा.

परवा अप्पांचा फोन आला. माझे वडील फोनवर दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलत नाहीत. "तुझी आई काल परत एकटीच बाहेर गेली होती," ते म्हणाले. "अन् गल्ली सगळी खोदलेली आहे." बस, एवढंच. पण ती दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवून बघितली आणि मी ताटावरून उठून बॅग भरायला घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळची बस पकडली.

आईला विसरायला होतं. सुरुवातीला किल्ल्या आणि चष्मा, मग माणसांची नावं, आणि आता तिला मधली वर्षंच्या वर्षं सापडत नाहीत. मी दारात उभी राहिले तेव्हा तिनं माझ्याकडं नीट बघितलं आणि विचारलं, "पाणी आलं का गं?" हा प्रश्न ती दिवसातून वीस वेळा विचारते. आमच्या शहरात हा प्रश्न शहाणी माणसंही तितक्याच वेळा विचारतात, म्हणून अप्पांना बरेच महिने काही कळलंच नाही.

गल्ली खोदली होती ती नव्या जलवाहिनीसाठी. एका कडेनं पुरुषभर खोल चर, त्यातला काळा दगड आणि मुरूम दुसऱ्या कडेला, आणि प्रत्येक घरात जायला चरावर टाकलेल्या डुगडुगत्या फळ्या. हा चर गल्लीच्या टोकाला वडाशी जाऊन थांबला होता. मुळं तोडू देणार नाही म्हणून रहिवासी संघानं काम अडवलं, तेव्हा ठेकेदाराची माणसं बुंध्याला लागून एक मोठा खड्डा तसाच ठेवून, वरून हिरवी जाळी ओढून निघून गेली. जाळीवर वडाची पिवळी पानं पडली होती. लांबून बघितलं तर तिथं खड्डा आहे हे कळत नव्हतं, जमीनच वाटत होती.

"ताई, तीन अर्ज दिलेत," प्रणिता म्हणाली. ती आता संघाची सचिव आहे, तिशीतली, वडासमोरच्या घरात भाड्यानं राहते. "चौकडनं पत्रे लावून द्या म्हणून. आज लावतो, उद्या लावतो चाललंय. पोच आहे माझ्याकडं." तिनं फोनवर पोचेचा फोटो दाखवला. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का आणि एक फिस्कटलेली सही. तो शिक्का बघून मला हसू आलं, कारण आई याच संघाची वीस वर्षं सचिव होती आणि पोच हा शब्द मी तिच्याकडूनच शिकले. ती म्हणायची, साहेबाला पोच नसली तरी चालंल, आपल्यापाशी पोच पाहिजे.

मग प्रणितानं सहज विचारलं, "काकू येतील ना उद्या पूजेला? उद्या वटपौर्णिमा." माझं हसू तिथंच राहिलं.

तो वड मी काठीएवढा असताना पाहिलाय. त्याच्याआधी तिथं फक्त फाटक होतं, हिरवं, रशीदचाचांच्या घराचं, आणि फाटकासमोर, चार पावलांवर, ड्रेनेजचं लोखंडी झाकण. रशीदचाचा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. हातांना कायम ग्रीसचा वास, तो साबणानं गेला नाही, रिटायरमेंटनंही गेला नाही. संघाचे ते उपाध्यक्ष, देशमुख गुरुजी अध्यक्ष आणि आई सचिव. आई शाळेत लिपिक होती, अक्षर मोत्यासारखं, आणि दुसरं कुणी तयार नव्हतं.

रविवारी संध्याकाळी आमच्या गच्चीवर बैठक असायची. दिवसभर तापलेल्या गच्चीवर आधी पाणी शिंपडायचं, तेही भांडी धुतलेलं, कारण चांगलं पाणी गच्चीवर ओतलं तर आई नवऱ्यालाही माफ करायची नाही. त्या ओल्या सिमेंटचा वास, खालच्या कूलरमधल्या वाळ्याचा वास, आणि त्या दोघांच्या मधून वाट काढत येणारा गटाराचा वास. सतरंजी अंथरली जायची. दूरवर मुकुंदवाडीकडून आगगाडीची शिट्टी यायची. गुरुजी घसा साफ करून विषय वाचायचे: खांबावरचे दिवे, मोकाट कुत्री, पाण्याची वेळ, झाकणं. दर रविवारी हेच चार विषय. मी कोपऱ्यात अभ्यासाचं सोंग करून बसायची आणि ऐकायची, आणि ऐकून ऐकून घाबरायची. दिवा नाही म्हणून अमुक पडला, कुत्र्यानं तमुकला धरलं. मला वाटायचं, जग म्हणजे अर्ज न केलेल्या धोक्यांनी भरलेली जागा आहे. अजूनही थोडं तसंच वाटतं.

आई खाली येऊन अर्ज लिहायची. "महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की." अप्पा म्हणायचे, "गटार त्यांचं तुंबलंय, विनय तू कशाला करतेस?" आई मान वर न करता म्हणायची, "विनय नसंल तर आवक नंबर पडत नाय."

तेव्हाच्या झाकणांना आवाज होता. ती लोखंडी, जड, जरा सैल बसलेली. कुणाची सायकल गेली तर एकदा खडांग, स्कूटर गेली तर खडांग-खुडुंग. आई स्वयंपाकघरात भाकरी थापत असायची आणि म्हणायची, गुरुजी आले. दूधवाला वळला. आम्ही म्हणायचो, झाकण बोललं. आणि झाकण बोललं नाही तर आईचा हात परातीवरच थांबायचा, कारण त्याचा अर्थ एकच, झाकण रात्रीतून भंगारात गेलं. आता सिमेंटची झाकणं आहेत. ती मुकी आहेत, ती चोरीलाही जात नाहीत, पण मला त्यांचा भरवसा वाटत नाही.

झाकण गेलं तर काय करायचं, हे रशीदचाचांनी संघात ठरवून घेतलं होतं. "पहले फांदी, मग अर्ज." ज्याला उघडं गटार आधी दिसेल त्यानं त्यात एक फांदी रोवायची, लांबून दिसेल अशी. बहुतेक वेळा ती बेशरमाची असायची, कारण बेशरम नाल्याकाठी फुकट आणि भरपूर. हिरवी फांदी रस्त्याच्या मधोमध उभी दिसली की आमच्या कॉलनीतलं पोरदेखील वळसा घालायचं. पाहुणे मात्र विचारायचे, हे झाड रस्त्यात कुणी लावलं.

मी सहावीत होते त्या वर्षी वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी विजेच्या तारांखालची झाडं छाटली गेली. मोठ्या रस्त्यावरच्या जुन्या वडाच्या फांद्या दिवसभर कडेला पडून होत्या. चीक वाळल्याचा तो कडवट वास अजून माझ्या नाकात आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे चाचा नमाजाहून परत आले तर त्यांच्या फाटकासमोरचं झाकण गायब. बेशरम शोधायला नाल्यावर कोण जाणार? त्यांनी मोठ्या रस्त्यावरनं मनगटाएवढी जाड, पानांनी भरलेली वडाची फांदी ओढत आणली आणि गटारात उभी केली. पोरंबाळं आत पडू नयेत म्हणून तोंडावर गव्हाचं रिकामं पोतं ताणून टाकलं आणि भोवतीनं नीट विटा लावल्या. चाचा मेकॅनिक. काम करायचं तर नीटच. मग ते थकून घरात जाऊन पडले.

त्यांनी काय केलं हे त्यांना कळलंच नव्हतं. वटपौर्णिमेच्या सकाळी, आमच्या गल्लीच्या टोकाला, विटांच्या गोल पारावर, वड उभा होता.

सगळ्यात आधी तिथं पोहोचली माझी आई. तिला दहाची शाळा, खरा वड देवळापाशी लांब, म्हणून ती दरवर्षी घरात फांदी आणून पूजा उरकायची. ती ताट घेऊन निघाली तर समोरच सगळी तयारी. "बघ," ती मला म्हणाली, "कुणी शहाण्यानं चिखल हुऊ नये म्हणून पोतं पण अंथरलंय." तिनं हळदकुंकू वाहिलं, आंबा ठेवला, सुताचा पहिला वेढा घातला. सचिवांनी पूजा केली म्हटल्यावर शेजारच्या बायका आल्या, मग मागच्या गल्लीतल्या आल्या. बघता बघता जरीच्या साड्यांचा गोल फिरायला लागला. उदबत्तीचा धूर, फणसाच्या गऱ्यांचा गोड वास, बांगड्यांची किणकिण. त्या दिवशी गल्लीत गटाराचा वास नेहमीपेक्षा जास्त येत होता, पण आमच्या नाकांना त्याची सवय होती.

मी आमच्या दारात उभी होते. हिरवं फाटक करकरलं आणि चाचा बाहेर आले, हातात चहाची कपबशी. त्यांनी समोर बघितलं. बशीत कप वाजायला लागला तो मला इतक्या लांबून ऐकू आला.

"बेटा, इधर आ," ते हळू म्हणाले. "आवाज मत कर. ती फांदी मी लावलीय. खाली झाकण नाय. नुसतं पोतं आहे."

मी बायका मोजल्या. सतरा होत्या. त्यातली एक पोटुशी.

"तुम्हीच सांगा ना चाचा."

"मी कैसा सांगू?" ते म्हणाले. त्या 'कैसा'मध्ये काय काय होतं ते मला फार उशिरा कळलं. पूजा चालू असताना त्यांनी, रशीदचाचांनी, थांबा म्हणून हाक द्यायची, ती कुणी कशी ऐकली असती कुणास ठाऊक. त्या वर्षी वातावरण ठीक नव्हतं. आमच्याकडं एवढंच म्हणतात, वातावरण ठीक नाही, आणि पोरांना लवकर घरात बोलावतात. "आईच्या कानात जाऊन बोल," ते म्हणाले. "कान में. कोई चिल्लाई तर एखादी दचकंल अन् पाय आत जाईल."

मी गेले. ती चार पावलं मला अजून चालून संपलेली नाहीत असं वाटतं. आई चौथ्या फेऱ्यात होती, पाय विटांच्या आत, पोत्याच्या काठावर. मी तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. तिचा चेहरा बदलला नाही. फक्त सुताचं रीळ धरलेली बोटं पांढरी पडली. तिनं ते पाऊल पुरं केलं, पुढचं दोन हात बाहेर टाकलं, आणि बैठकीत विषय वाचावा तशा शांत आवाजात म्हणाली:

"अगं बायांनो, फेरे लांबून घ्या. वडाला मुळं पसरायला जागा लागती. जवळनं घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य आखडतं."

सतरा बायका एका दमात मागं सरल्या. असा परिणाम तिच्या एकाही अर्जाचा झाला नव्हता.

फेरे मोठे झाल्यामुळं सूत पुरेना. दुसरं रीळ आणलं, तिसरं आणलं. आई शाळेत गेलीच नाही. शेवटची बाई घरी जाईपर्यंत ती तिथं उभी होती, आणि फाटकाआड चाचा. मग तिनं आमची बाज आणून खड्ड्यावर आडवी टाकली, घरात आली आणि माठापाशी बसून राहिली. "झाकण बोललं नव्हतं गं सकाळी," ती म्हणाली. "दूधवाला गेला तवा बोललं नव्हतं. माझा कान कुठं व्हता?"

अर्ज गेला, पोच आली, आठव्या दिवशी हातगाड्यावर नवं झाकण घेऊन दोन माणसंही आली. आमच्या कॉलनीच्या इतिहासात इतक्या लवकर कधी कुणी आलं नव्हतं. पण त्यांनी फांदी बघितली, तिचे सुताचे वेढे, विटांवरचं हळदकुंकू, कुणीतरी मध्येच आणून ठेवलेला शेंदूर लावलेला दगड, आणि हात मागं घेतले. "बाई, हे देवाचं झालंय," त्यातला म्हातारा म्हणाला. "आमी नाय काढत. उद्या कुणी आमच्यावर आलं तर? समितीचा ठराव द्या लिहून, मग बघू." आणि झाकण घेऊन परत गेले.

पुढचे दिवस मी कसे काढले मला माहीत आहे. पाऊस चालू झाला होता. बाज दोनदा कुणीतरी बाजूला सारली, देवापुढं बाज कशाला म्हणून. आई रोज पोतं बदलायची, ओलं पोतं झोळीसारखं खाली लोंबायचं. बायका येता-जाता नमस्कार करायच्या, तोही जवळ जाऊन. मी खिडकीत बसून पाढे म्हणायची, कारण माझी खात्री होती की मी बघत असेन तोवर कुणी पडणार नाही. पाढे म्हणता म्हणता जेवायची, जेवता जेवता उठून बघायची. आईनं एकदा माझ्या कपाळाला हात लावून बघितला, ताप आहे का म्हणून. ताप नव्हता.

रविवारी बैठक भरली. गुरुजी म्हणाले, "धार्मिक बाब आहे. हात घालायचा म्हणजे विचार करायला पाहिजे." मग सगळ्यांनी बराच विचार केला. शेवटी कुणीतरी म्हणालं, ज्यानं ती फांदी लावली त्यानंच ती काढावी, म्हणजे दोष लागणार नाही. "बरोबर," गुरुजी म्हणाले. "कुणी लावली?"

चाचा सतरंजीच्या टोकाला, काढून ठेवलेल्या चपलांकडं बघत बसले होते. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि हवा गार होती. मला ठाऊक होतं आणि आईला ठाऊक होतं. ते उठायला लागले, गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू.

"मी लावली," आई म्हणाली.

अप्पांचा कप हातातच राहिला. "तुम्ही?" कुणीतरी म्हणालं. "अहो, सगळ्यात आधी पूजा तुम्हीच केली की."

"लावली म्हणूनच आधी पुजली," आई म्हणाली. "लिहा ठराव."

ठराव तिनंच लिहिला. 'सदर वटवृक्षाचे सन्मानपूर्वक स्थलांतर करण्यास सर्वानुमते मान्यता.' दुसऱ्या दिवशी नारळ फोडून तिनं फांदी उपसली. ती सहज येईना. जोर लावून ओढली तर खालच्या टोकाला पांढरी, केसासारखी मुळं होती, ओली आणि घाण वासाची. गटारात उभी राहून ती जगली होती. बघणाऱ्या बायकांनी हात जोडले. आईनं ती फांदी चार पावलं पलीकडं, हिरव्या फाटकाच्या बाजूच्या मोकळ्या जागेत खोचली. झाकण बसलं.

संध्याकाळी चाचा आमच्या ओट्यावर आले. "भाभी, आपने झूठ बोला मेरे वास्ते."

"खोटं कुठं?" आई शेंगा निवडत म्हणाली. "लावली तुम्ही, पुजली मी. निम्मी माझीच की."

त्या वडाला पाणी चाचांनी घातलं. नळाला तीन दिवसांआड पाणी, तिथं झाडाला कोण घालणार? पण चाचा पाच वेळा नमाजाआधी वुजू करायचे, हातपाय धुतल्याचं पाणी घमेल्यात धरायचे आणि ते घमेलं वडाच्या बुंध्याशी ओतायचे. एका उन्हाळ्यात बारा दिवस पाणी आलं नाही. आईनं विचारलं, "रशीदभाई, झाडाचं काय करता आता?" ते म्हणाले, "नमाज तर होणारच ना भाभी. मग झाड भी पिएगा."

तो वड असा वाढला. त्याची पहिली लालसर पानं, मग स्कूटरला पुरेल एवढी सावली. दौलताबादहून सीताफळं घेऊन येणारी बाई त्या सावलीत पाटी टेकायची, आणि दिवाळीआधीच्या त्या दिवसांना पिकल्या सीताफळांचा वास असायचा. बैठका गच्चीवरून वडाखाली आल्या. दर वटपौर्णिमेला बायका फेरे लांबून घ्यायच्या. खाली खड्डा उरला नव्हता, तरी लांबूनच. नव्या आलेल्या सुनांना सांगितलं जायचं, आपल्याकडं अशी पद्धत आहे. कोपऱ्यावरचा दुकानदार त्या आठवड्यात सुताची रिळं दुप्पट आणायचा. आणि दर वटपौर्णिमेला रशीदचाचा सकाळपासून फाटकात उभे राहायचे, कपबशी घेऊन, शेवटची बाई जाईपर्यंत. ते काय बघायचे ते आम्हा तिघांनाच माहीत होतं. चाचा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मुलानं घर विकलं. राहिलो दोघी. आणि गेल्या वर्षा-दोन वर्षांत आईकडूनही ते निसटलं. मी एकदा आठवण काढली तर तिनं विचारलं, कोण रशीदभाई? मी त्या दिवशी तिच्यावर रागावले. नंतर मोरीत जाऊन रडले.

आज सकाळी आई स्वतःच उठली. हिरवी साडी चापूनचोपून नेसली, निऱ्या मोजून, माझ्यापेक्षा नीट. ताट लावलं. डोकं विसरलं होतं, पण हातांना सगळं माहीत होतं. मी म्हटलं, आई, यंदा घरातच करू. ती नुसती हसली. अप्पांनी फाटकाला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. मग दूधवाला आला, अप्पांनी कुलूप काढलं, दूध घेतलं, आणि दूध उतू जाईल म्हणून आत पळाले. मी न्हाणीघरातून बाहेर आले तर फाटक उघडं, फळी डुगडुगत होती आणि आई नव्हती.

मी अनवाणी पळाले. वडापाशी बायका जमल्या होत्या, गोल फिरत होत्या. त्या गोलाच्या आत, एकटी, बुंध्याशी, माझी आई. एका हातात ताट, एका हातात सूत. ती जवळून फिरत होती. बुंध्याच्या त्या बाजूला हिरवी जाळी होती, तिच्यावर पिवळी पानं, आणि आईचं पाऊल त्या दिशेनं पडत होतं. आज तिची नजर खाली नव्हती. ती वर, पारंब्यांकडं बघत चालली होती.

मला हाक मारता येईना. हल्ली तिला मोठ्यानं हाक मारली किंवा कुणी धावत जवळ आलं की ती दचकते, मागं वळून बघते, पण पाय तसाच पुढं टाकते. माझा हात कशाला तरी घट्ट धरून होता. बघितलं तर ते हिरवं फाटक होतं. मी अगदी चाचांच्या जागेवर उभी होते, तोंड उघडं, आवाज नाही. कानात सांगायला पाठवावं असंही कुणी जवळ नव्हतं.

गोलातून एक मुलगी आत शिरली. मी तिला ओळखत नव्हते. नवी सून असणार कुणाची तरी, चुडा अजून नवा होता. तिनं आईचं कोपर धरलं, अगदी सहज.

"आज्जी, जवळनं नाय," ती म्हणाली. "आपल्याकडं लांबून घेत्यात."

"का गं?"

"काय माहीत. वडाला मुळं पसरायला जागा लागती म्हणं."

आई थांबली. तिनं त्या मुलीकडं बघितलं, आणि दोन पावलं बाहेर आली. मग आणखी दोन. सुताचा धागा तिच्या मागं ताणला गेला आणि ती बाकीच्या बायकांत मिसळून, त्यांच्यासारखीच लांबून, फिरायला लागली.

मी फाटकाला टेकून खालीच बसले. प्रणिता धावत आली, तिला सांगितलं तेव्हा ती पांढरी पडली. तिनं घरातला बाक आणून खड्ड्याच्या कडेला आडवा ठेवला आणि तिथंच उभी राहून फोन लावायला लागली. दुपारी आम्ही दोघी चौथा अर्ज घेऊन जाणार आहोत. मी हातानं लिहिणार आहे, 'सविनय'पासून. पण शेवटची बाई जाईपर्यंत मी फाटकातून हलले नाही.

मग आईला घेऊन निघाले. ताट माझ्याकडं, तिचा हात माझ्या हातात, तिच्या बोटांना सूत गुंडाळलेलं. फळीपाशी आल्यावर तिनं मान खाली घातली आणि जपून, पाऊल बघून टाकत ती पलीकडं गेली.

"चांगली पद्धत आहे हं इथली," ती म्हणाली. "लांबून फिरायची. कुणी काढली गं?"

"एक बाई होती आई. आपल्याच गल्लीतली."

तिनं बोटांवरचं सूत अंगठ्यानं चाचपलं.

"लई भ्याली असंल बिचारी," ती म्हणाली.